पूजलेला खड्डा

पवनचक्क्यांवर लेख द्या, म्हणून दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. सोबत एक सूचनाही आली, "मॅडम, पंख्याचा एखादा छान फोटो पाठवा." माझ्याकडे पंख्याचा एकही फोटो नाही. खड्ड्यांचे आहेत. काळ्या मातीतले, मुरमातले, पाणी भरलेले, कडा ढासळलेले. ते त्यांना नको होते. दोष त्यांचा एकट्याचा नाही. पवनचक्की म्हटली की जो तो मान वर करतो. ती ज्या खांबावर उभी आहे आणि तो खांब ज्या पायावर उभा आहे, तिकडे बघायला पगारी माणूस ठेवावा लागतो. सोलापूर भागात एका लहानशा कंपनीसाठी बरीच वर्षं ते बघण्याचं काम मी केलं.

डोंगरमाथ्यावर ओळीनं उभ्या असलेल्या राक्षसी पवनचक्क्या डोळ्यांपुढे आणू नका. त्यांच्या दिमतीला मोठे इंजिनिअर असतात. आमची चक्की लहान. शाळेचे दिवे, शेतावरचं घर, फार तर एखादा पंप चालवणारी. तिचा पंखा दोन माणसं सहज उचलतात. लहान म्हटलं की लोक तिला खेळणं समजतात आणि माझ्या डोक्यात तिडीक जाते ती इथूनच. पंखा लहान आहे म्हणून वारा बिचकून हळू वाहत नाही. त्याला वारा मिळायचा तर घरांच्या, झाडांच्या वर न्यावा लागतो. म्हणजे खांब उंच हवा. उंच खांबाच्या टोकाला फिरणारं, थरथरणारं वजन बांधलं की त्याची सगळी ओढ खाली जमिनीपर्यंत येते. ती जमिनीला झेपेल असं करणं, एवढंच माझं काम. लग्नकार्यात कुणी विचारलं तर मी "सिव्हिलमध्ये आहे" म्हणून विषय मिटवत असे.

विजेच्या खांबापासून जमिनीत तिरकी गेलेली तार तुम्ही पाहिली असेल. तिला ताण म्हणतात. आमच्या खांबाला चारही दिशांना असे ताण असतात. प्रत्येक ताणाचं खालचं टोक काँक्रीटच्या ठोकळ्यात अडकवायचं आणि तो ठोकळा जमिनीत पुरायचा. वारा पश्चिमेकडून आला की पश्चिमेचा ताण खांबाला धरून ठेवतो. त्याचा ठोकळा निसटला, की खांब पूर्वेकडे आडवा. दुसरीतल्या मुलाला कळेल अशी ही गोष्ट मी नोकरीभर मोठ्या माणसांना समजावत आले.

त्यात आमची माती. ज्वारीला ही काळी माती सोन्यासारखी आणि बांधकामाला वैरीण. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यात अर्धवट पुरलेला ठोकळा वर्षभर खाली-वर होत राहतो. म्हणून काळी माती ओलांडून खालच्या मुरमात पाया टेकवायचा. मोठ्या शहरांतून येणाऱ्या तयार नकाशांवर मात्र "जमीन : मध्यम" असं छापलेलं असे. एका सल्लागारांना मी विचारलं, "सर, ही मध्यम जमीन कोणत्या तालुक्यात येते?" ते म्हणाले, "मॅडम, ते असम्प्शन आहे." त्यांनी दुपारी भाकरी आणि शेंगाचटणी हाणली आणि संध्याकाळच्या गाडीनं गेले. बुटांना मातीसुद्धा लागली नव्हती.

गिऱ्हाईकांबद्दल बोलायचं तर कुठून सुरुवात करावी? मी राहते त्या जुळे सोलापुरात एका सोसायटीच्या सेक्रेटरींना गच्चीवर चक्की हवी होती. "इमारतीची उंची फुकट मिळते की," असा त्यांचा हिशेब. मी सांगितलं, गच्चीवर वारा भिंतीला आपटून गिरक्या घेत येतो, पंख्याला तो मानवत नाही, आणि खांबाची थरथर स्लॅबमधून घराघरात उतरते. ते म्हणाले, "मी विज्ञानाची मासिकं वाचतो." पुढे दुसऱ्या कुणाकडून त्यांनी चक्की बसवून घेतलीच. पहिल्याच वाऱ्याला वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या फळीवरचे स्टीलचे डबे आपोआप वाजायला लागले. काकूंनी डबे उतरवले नाहीत, सेक्रेटरींना पदावरून उतरवलं. हल्ली ते मला भाजी मंडईत बघून रस्ता ओलांडतात.

आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतले ते टॉवेलवाले मालक! घरात तेलुगू, गिऱ्हाइकांशी इंग्रजी आणि कामगारांशी, माझ्याशी मराठी बोलणारे. त्यांच्या कारखान्यात तपासणीला गेले तर चारही ताणांवर रंगवलेल्या सुताच्या ओल्या लडी वाळत घातलेल्या. लाल, हिरव्या, जांभळ्या. लांबून बघणाऱ्याला जत्रा भरल्यासारखं वाटावं.

"मालक, हे काय?"

"एवढी चांगली तार रिकामी कशाला ठेवायची मॅडम? वारा लई छान लागतो वर."

मी समजावलं की ओल्या लडी शिडासारखा वारा धरतात, ताण नको तेवढा ओढला जातो, रंगाचं पाणी गळून खालचे स्क्रू गंजतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग असं करा, पंखा काढून न्या. खांब राहू दे. वाळत घालायला बरा हाय." त्यांनी खरोखर तसंच केलं. माझ्या सगळ्या पायांमधला सगळ्यात भक्कम पाया आज सुताच्या लडी सांभाळतो आहे.

ही सगळी गमतीची माणसं. आता बिनगमतीची गोष्ट.

आमच्या पायाच्या नकाशात मी पुढे एक मोठा बदल केला. खड्डा खणून ठोकळा ओतणं बंद करून आम्ही ट्रॅक्टरला जोडलेल्या ड्रिलनं अरुंद, खोल भोक पाडायला लागलो. काळ्या मातीतून आरपार थेट मुरमात, आत सळ्या आणि काँक्रीट. नकाशाच्या कोपऱ्यात बदलाचं कारण "फुगणारी माती" असं लिहिलेलं आहे. ते अर्धंच खरं. माती आधीपासून फुगतच होती. उरलेलं अर्धं कारण म्हणजे अण्णा. ज्यात कुणाला उतरता येत नाही आणि ज्याच्या काठावर मान्यवर फोटोसाठी ओळीनं उभे राहू शकत नाहीत, असा खड्डा मला हवा होता.

अण्णा हे अक्कलकोटच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीलगतच्या एका गावातल्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष. पांढरे कपडे, हातात फोन, मागे भाचा. भाचा संस्थेची सगळी बांधकामं करायचा. शाळेशेजारी मुलींचं वसतिगृह होतं आणि त्याच्या दिव्यांसाठी आमची चक्की ठरली होती. वीज तिकडे वरचेवर जायची, म्हणजे काम चांगलं होतं. मी जागा आखून दिली. मधोमध खांब. पूर्वेला वसतिगृह. पश्चिमेला फाटकापर्यंतची पट्टी कायम मोकळी ठेवायची, असं बजावून सांगितलं.

या मोकळ्या पट्टीचं कारण सांगायला हवं. खेड्यात क्रेन येत नाही, आणि उंचावर चढून दुरुस्ती करणं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून आमच्या खांबाच्या बुडाला दारासारखी बिजागरी असते. पूर्वेच्या ठोकळ्याला विंच, म्हणजे हातानं फिरवायचा दोराचा रहाट, जोडायचा, दोर हळूहळू सोडायचा, की खांब पश्चिमेकडे कलत कलत जमिनीवर आडवा होतो. खाली बसून दुरुस्ती करायची आणि पुन्हा उभा करायचा. हे डिझाइन माझं. त्याचा मला अजून अभिमान आहे, आणि तो लपवण्याचं मला काही कारण दिसत नाही.

भूमिपूजनाला मोठे साहेब येणार होते. कोणते साहेब ते सोडा, प्रत्येक तालुक्यात असे एक असतात. मी फक्कीनं खुणा करायला सकाळी पोचले तर एक खड्डा आधीच तयार. पश्चिमेच्या ताणाचा, फाटकाजवळचा, कारण साहेबांची गाडी तिथंच थांबणार होती. खोली जेमतेम गुडघाभर. चारही ठोकळ्यांत पावसाळी वाऱ्याचा भार घेणारा नेमका हाच.

"अण्णा, मुरूम अजून पुरुषभर खाली आहे," मी म्हटलं.

"व्हय की. पन साहेबांना कंबरेचा त्रास हाय. खोल खड्ड्यात वाकून घमेलं कसं वततील?"

"पूजेपुरता राहू दे. पूजा झाली की खोल करून घेऊ."

अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवाला चप्पल दाखवली. "पूजलेला खड्डा उकरायचा? सरवदे मॅडम, तुमच्यात चालत असंल. गावाला न्हाय चालायचं."

"तुमच्यात" या शब्दावर त्यांनी दिलेला जोर मला कळला. मी बौद्ध घरातली. असे जोर ऐकतच लहानाची मोठी झाले. "माती कुणाची पूजा बघून थांबत नाही अण्णा," मी म्हटलं. "हा नको असेल तर शेजारी दुसरा खड्डा घ्या. मुरमापर्यंत. ताण त्यालाच बांधायचा. हा असाच राहू द्या, हवं तर वर तुळशी वृंदावन बांधा." यावर अण्णा चटकन कबूल झाले. एवढ्या चटकन कबूल होणाऱ्या माणसाचा मला नेहमी संशय येतो. पण दुसऱ्या दिवशी कंपनीनं मला दुसरीकडे धाडलं, आणि खांब उभा करायला वेगळी टोळी गेली.

शेजारचा खड्डा खणला गेला. अगदी मुरमापर्यंत. भाच्यानं त्याचा फोटो कंपनीच्या ऑफिसला पाठवला. ऑफिसातल्या साहेबांनी तो मोठा करून पाहिला, तळाचा पिवळा मुरूम बघून समाधान पावले आणि पुढच्या कामाला हिरवा कंदील दिला. फोटो शंभर टक्के खरा होता. खड्ड्याचं पुढे काय झालं, ते फोटोत येत नाही.

ते मला पुढच्या वर्षी आषाढात दिसलं. वार्षिक तपासणीसाठी मी आणि आमचे फिटर रियाजभाई तिथं गेलो, तर त्याच दिवशी पवनचक्कीचा वाढदिवस निघाला. हो, वाढदिवस. भूमिपूजनाला वर्ष झालं म्हणून सोहळा होता आणि तेच मोठे साहेब दुपारी येणार होते. आषाढातलं वारं तुम्हाला माहीत आहे. सकाळपासून पश्चिमेकडून सुसाट सुटलं होतं आणि फाटकापासून खांबापर्यंतच्या माझ्या मोकळ्या पट्टीवर भलामोठा मांडव उभा होता.

मांडवाला वळसा घालून पश्चिमेच्या ताणाकडे गेलो. तिथं लोखंडी पिंजऱ्यात वडाचं रोप. पिंजऱ्यावर पाटी : अमुक साहेबांच्या शुभहस्ते वृक्षारोपण. मुरमापर्यंत खणलेल्या खड्ड्यात फोटोनंतर ते झाड लावलं होतं. एवढा खोल खड्डा आयता मिळाल्यावर वाया कशाला घालवायचा? साहेबांचं झाड म्हणून त्याला उन्हाळाभर टँकरनं पाणी घातलेलं. आणि झाडाच्या शेजारी, त्याच पाण्यानं भिजलेल्या काळ्या मातीत, गुडघाभर खोलीचा तो पूजलेला ठोकळा. वर संगमरवरी पाटी. आमचा ताण त्यालाच बांधलेला.

रियाजभाईंनी ताणावर हात ठेवला, मग वाकून ठोकळ्याकडे पाहिलं. "मॅडम, हितं या की जरा. ह्यो हलतोय."

वाऱ्याचा झोत आला की ठोकळा खांबाकडे सरकत होता. त्याच्या मागे बोटभर फट पडत होती. झोत गेला की फट मिटत होती. ताण खाली आवळायचा जो मोठा स्क्रू असतो, तो शेवटच्या आट्यापर्यंत पिळलेला. शाळेच्या शिपायाला विचारलं. तो म्हणाला, "उन्हाळ्यात ढिला पडला हुता, म्हून भाच्यासाहेबांनी मला आवळाय लावला." उन्हाळ्यात माती आकसते, ताण सैल पडतो. पावसात माती फुगते, खांबाचं बूड वर उचललं जातं आणि तोच ताण तंतुवाद्याच्या तारेसारखा तटतटतो. आवळायची अक्कल सुचली, सोडायची सुचली नाही.

हा ठोकळा उपटला की खांब पूर्वेला जाणार होता. पूर्वेला वसतिगृहाचं पत्र्याचं छप्पर होतं आणि त्याखाली मुलींचा झोपण्याचा हॉल. मी धावत अण्णांना गाठलं.

"अण्णा, खांब आत्ताच्या आत्ता झोपवायचा. मांडव काढा."

"आज? साहेब येनार हायत आन् तुमी मांडव काढा म्हनता?"

"वारं बघा. ठोकळा सुटत चाललाय. मुलींच्या डोक्यावर खांब येईल."

"वरीसभर उभा हाय की. पूजेचं हाय ते. तुमी लई भ्याता बघा." मग जरा मऊ आवाजात, "साहेब गेले की काय करायचं ते करा. पन आज पंखा फिरताना दिसला पायजे. त्याच्यासाठीच तर कार्यक्रम हाय."

मी जाऊन पंख्याचा ब्रेक लावला. निदान त्याची ओढ तरी कमी व्हावी. अण्णांनी भाच्याला पाठवून ब्रेक काढायला लावला. मी परत लावला. तेव्हा भाचा स्विचच्या पेटीसमोर खुर्ची टाकून बसला. मुलींना हॉलमधून बाहेर काढा म्हटलं, तर भाच्याचं उत्तर आलं, "त्या इथंच बसणार, साहेबांसमोर स्वागतगीत आहे." ऑफिसला फोन केला. तिथले साहेब म्हणाले, "मॅडम, क्लायंटशी जरा गोडीनं घ्या." माझ्याच्यानं गोडी निघेना. गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता, अशी माझी गत. वर पंखा गरगरत होता.

तेवढ्यात साहेबांचे पीए गाडीतून उतरले. सफारी सूट, बगलेत डायरी, व्यासपीठ तपासायला आलेले. मी सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"मी या खांबाची इंजिनिअर. हा खांब आज पडू शकतो."

त्यांनी वर खांबाकडे पाहिलं. मग खाली व्यासपीठावरच्या मखमली खुर्चीकडे पाहिलं. मग पुन्हा वर. तोंडाचा रंग उडाला. त्यानंतर जे झालं ते बघण्यासारखं होतं. अण्णा हाका मारत धावले, मांडववाले धावले, भाच्यानं खुर्ची सोडून दोर सोडायला घेतले. सकाळपासून माझ्या घशाला कोरड पडेस्तोवर जो मांडव हलला नव्हता, तो चहा निवायच्या आत खाली आला आणि शाळेच्या उत्तरेच्या भिंतीशी अर्ध्या आकारात उभा राहिला.

खांब कुठल्या बाजूला पडेल, हे पीएंनी मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं. वसतिगृहावर. आणि मग मांडवाची एक खुंटीही हलली नसती, याची मला तेव्हाही खात्री होती आणि आजही आहे. त्या दिवशी साहेबांच्या खुर्चीनं मुलींचं छप्पर वाचवलं, एवढंच त्या पुढाऱ्याचं तालुक्यातलं ठोस काम माझ्या पाहण्यात आहे.

खांब झोपवताना रियाजभाई विंचवर आणि मी बिजागरीशी. विंचच्या पहिल्या काही फेऱ्यांचंच काय ते भय होतं. त्या वेळी वारा समोरून खांबाला मागे रेटत होता आणि सुटत आलेला ठोकळा उपटून येतो की काय, अशी धाकधूक होती. आम्ही झोत ओसरायची वाट बघायचो, मग विंच फिरवायचा, मग पुन्हा थांबायचं. खांब जरासा पश्चिमेला कलला, पश्चिमेचा ताण सैल पडला, आणि मग माझा जीव भांड्यात पडला. पंखा हळूच मातीवर टेकला. शिपायानं पहार घालून ठोकळा उचकटला तर तो मुळ्यासारखा वर आला, संगमरवरी पाटीसकट. खाली ओली, काळी, मऊ माती.

"सतरंजी टाका रे त्याच्यावर," अण्णा म्हणाले.

साहेब आले. आडवा खांब बघून त्यांनी विचारलं, तेव्हा अण्णा छाती पुढे काढून म्हणाले, "देखभालीसाठी झोपवलाय साहेब. आपल्या संस्थेत देखभालीला फार महत्त्व." साहेबांनी मान डोलावली. तो खांब पुन्हा कधी उभा राहिला नाही. नवीन भोक पाडून पाया द्यायला मी तयार होते, पण गावात बोलवा उठली होती की पंखा चांगला चालला होता, सोलापूरच्या बाईंनी येऊन पाडला. त्या मुलींना दिवे मिळायला हवे होते, याचं मात्र मला अजून वाईट वाटतं. बाकी अण्णांना माझ्याबद्दल काय वाटतं त्याची मला फिकीर नाही.

लहान झालेल्या मांडवात गावातल्या प्रतिष्ठितांनाच जागा पुरली. स्वागतगीत रद्द झालं आणि मुलींना वसतिगृहात परत पाठवलं. ज्यांच्या नावानं सोहळा त्यांनाच मांडवात जागा नाही, पण त्या दिवशी मला कशाचंच आश्चर्य वाटेनासं झालं होतं. भाषणं सुरू झाली. मी हात धुवायला आणि पाणी प्यायला वसतिगृहात गेले.

झोपण्याचा हॉल लांबलचक होता. अर्धा हॉल रिकामा. शहाबादी फरशी स्वच्छ झाडलेली, एकही कॉट नाही, एकही ट्रंक नाही. आणि दुसऱ्या टोकाला सगळ्या लोखंडी कॉट एकमेकींना चिकटवून भिंतीपर्यंत दाबलेल्या. मधून चालायलाही वाट नव्हती. काही कॉटवर दोन-दोन उशा.

गृहपाल महादेवीबाईंनी मला तांब्या दिला. पन्नाशीच्या, कपाळावर आडवा भस्माचा पट्टा, मराठीत कन्नड मिसळलेलं.

"मावशी, हा अर्धा हॉल रिकामा का?"

त्यांनी रिकाम्या भागातल्या खिडकीकडे बोट केलं. तिच्यातून, सकाळपर्यंत जिथं खांब उभा होता ती जागा दिसत होती.

"वाऱ्यात तार रडायची वो मॅडम. कुंई कुंई. पोरी उठून बसायच्या. मग मीच म्हटलं, तो खांब वाकला तर कुठपर्यंत येईल, तेवढं सोडून झोपा. इकडं सरका, म्हटलं."

"कधीपासून?"

"दिवाळीची सुट्टी संपवून आल्या, तवापासून."

मी तांब्या खाली ठेवला. "कुणाला सांगितलं नाहीत?"

"अण्णांना सांगितलं की. म्हणाले, पोरींना वाऱ्याची सवय करा. मग तुमच्या कंपनीला फोन करावं म्हटलं. खांबाच्या पाटीवर नंबर होतं तुमचं. त्याच्यावर अण्णांचं फोटोचं फ्लेक्स लावलं. काढू कसं मी?"

बाहेर लाउडस्पीकरवर अण्णा बोलायला उभे राहिले होते. आमच्या लेकींना निसर्गाच्या सान्निध्यात, सुरक्षित वातावरणात शिक्षण, असं काहीसं चाललं होतं. महादेवीबाईंनी खिडकीतून आडव्या पडलेल्या खांबाकडे एकदा नीट पाहून घेतलं आणि पदर खोचला.

"चला गं," त्या म्हणाल्या. "सरकवा आपापलं."

मुली क्षणभर गोंधळल्या, मग एकदम तुटून पडल्या. लोखंडी कॉट फरशीवरून ओढल्या जाताना जो आवाज होतो, तो सगळ्या हॉलभर आणि खिडक्यांतून बाहेर थेट मांडवापर्यंत गेला. एक कॉट, दुसरी, मग तीन-चार एकदम. लाउडस्पीकरवर अण्णा थांबले, खाकरले, पुन्हा सुरू झाले, पुन्हा थांबले. भाचा धावत दारात आला.

"ओ मावशी, आवाज बंद करा! साहेबांचं भाषन सुरू होतंय!"

महादेवीबाईंनी त्याच्या तोंडावर दार लावून घेतलं आणि आतून कडी घातली.

"ओढा गं," त्या मुलींना म्हणाल्या, "अजून खिडकीजवळची जागा राहिली की."

एक लहानगी एकटीच तिची कॉट ढकलत होती. मी तिचं दुसरं टोक धरलं आणि ओढायला लागले.